सहा किलोवॅट, अठ्ठावीस घरं आणि गिरणीची पाळी

मागच्या महिन्यात आमच्या वाडीच्या सौर प्रकल्पातल्या जुन्या बॅटऱ्या टेम्पोत चढल्या आणि नव्या उतरल्या. तेव्हापासून आसपासच्या तीन वाड्यांतून फोन येतायत, "ताई, तुम्ही नेमकं कसं केलं?" आमच्याकडे रेंज टेकाडावरच्या एका दगडावर मिळते. तीही मधेच तुटते आणि निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहून काढतेय. मी बारावी शिकलेली, बचतगटाचे हिशेब ठेवायची, म्हणून प्रकल्पाच्या समितीत खजिनदार केलं. विजेतलं मला तेव्हा काहीच कळत नव्हतं. हे आधीच सांगते, म्हणजे कुणी बिचकायला नको.

आमची वाडी अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटात. २८ घरं. मूळ गावात वीज होती, पण आम्ही गावापासून साडेतीन किलोमीटर, दोन ओढे ओलांडून. गावातल्या शंभरातल्या दहा घरांत आणि शाळा-पंचायतीसारख्या ठिकाणी वीज पोचली की सरकारी व्याख्येत गाव ‘विद्युतीकृत’ ठरायचं. त्या हिशेबानं आम्ही कधीच उजेडात आलेलो. प्रत्यक्षात रात्री रॉकेलची चिमणी, आणि दळणाला त्याच साडेतीन किलोमीटरची पायपीट. जाताना डोक्यावर नाचणीचं गाठोडं, येताना पीठ. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की घरच्या जात्यावर. मला कुणी विचारलं असतं, दिवा हवा की गिरणी, तर मी गिरणीच म्हटलं असतं.

सुरुवात झाली २०१८ मध्ये. पुण्याची एक संस्था एका कंपनीचे सीएसआरचे, म्हणजे समाजकामासाठी काढलेले, पैसे घेऊन वाड्या शोधत होती. त्यांच्या अटी तीन. घरटी वर्गणी, अंगमेहनत, आणि चालवणार वाडीचीच नोंदणी केलेली संस्था. ६ किलोवॅटचे पॅनल, बॅटऱ्या, खांब आणि तारा मिळून खर्च नऊ लाखांच्या घरात. त्यातले आमचे ७० हजार, म्हणजे घरटी २,५००. एकरकमी कुणाकडे नव्हते. बचतगटाच्या वहीतच आणखी एक रकाना पाडला आणि महिन्याला २५०, असे दहा महिने गोळा केले. चार घरांचे दहाचे चौदा महिने झाले, पण बुडवले कुणीच नाहीत.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव करायचा होता. कोरम भरला नाही, सभा तहकूब. मग वाडीतली सगळी माणसं, म्हातारीकोतारी धरून, १ मेच्या सभेला चालत नेली आणि ठराव झाला. तीनच दिवस आधी, २८ एप्रिलला, देशातल्या शेवटच्या गावात वीज पोचल्याचं दिल्लीहून जाहीर झालं होतं. ग्रामसेवक भाऊसाहेब ठराव लिहिता लिहिता हसून म्हणाले, "आता ‘वीज नसल्याने’ लिहू, का ‘वीज कमी पडत असल्याने’?" आम्ही म्हटलं, काहीही लिहा, शिक्का मारा.

जागेचं घोडं इथेच अडलं. माझ्या चुलत सासऱ्यांनी स्वतःच्या शेतातली दीड गुंठा जागा देऊ केली होती. पण आमची जमीन आदिवासी खातेदाराची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतल्या कलम ३६-अ प्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावे करता येत नाही, भाड्यानंसुद्धा नाही. कायदा आमच्याच भल्याचा आहे. पण आमचीच संस्था त्यात आदिवासी धरायची का बिगर-आदिवासी, यावर तलाठी भाऊसाहेब, संस्थेचे वकील आणि पोलीसपाटील यांची तीन मतं पडली. दोन महिने त्यात गेले. शेवटी शाळेशेजारची गावठाणातली पंचायतीची जागा ठरावात घेतली. तुम्ही करणार असाल तर पंचायतीच्याच जागेपासून सुरुवात करा.

मग नोंदणी. सात सदस्य लागतात. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली एकदा आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली एकदा, असं दोन्ही करून घेतलं. पहिल्या फेरीत कागद परत आले. चूक आमचीच होती. सातपैकी पाच जणांची नावं आधारवर एक, मतदार कार्डावर दुसरी आणि ठरावात तिसरी. एकीचं नाव आधारवर माहेरचं. पहाटे पाचची एसटी, जिल्ह्याला पोचायला साडेदहा, परत यायला रात्र. माणशी चारेकशे रुपये एका फेरीला. अशा पाच फेऱ्या झाल्या. कागदपत्रांचा सगळा खर्च माझ्या वहीत ७,८४० रुपये आहे, त्यातले निम्म्याच्या वर एसटी आणि चहा-वडापावचे. प्रमाणपत्र सप्टेंबरात हातात आलं, मग संस्थेचं पॅनकार्ड, मग बँकेत खातं. ठराव लिहायच्या आधीच सातही जणांची आधार कार्डं समोर मांडा आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर उतरवा. एवढं केलं असतं तर आमच्या तीन फेऱ्या वाचल्या असत्या.

ऑक्टोबरमध्ये जीप करून कोतूळ-ओतूर मार्गे जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीला गेलो. तिथं २०१२ पासून ३९ घरांचा ९.४ किलोवॅटचा प्रकल्प गावकऱ्यांचा न्यास चालवत होता. आम्ही अकरा जण गेलो, त्यात पाच बायका. पुरुषमाणसं पॅनल बघत बसली. आम्ही बायांना विचारत सुटलो, बिल कोण मागायला येतं, नाही दिलं तर काय करता, भांडणं होतात का. परतताना जीपमध्ये आमच्यातले तात्या म्हणाले, "यंत्राचं काही अवघड नाही. माणसांचंच बघावं लागंल." ते तेव्हा मला मोठेपणाचं बोलणं वाटलं होतं.

डिसेंबरात सावलीचं भांडण उभं राहिलं. पॅनलचं तोंड दक्षिणेला, साधारण वीस अंश कलतं. उन्हाळ्यात जागा मोकळी दिसायची. पण थंडीत सूर्य दक्षिणेकडे झुकतो, सावल्या लांबतात, आणि दुपारी तीननंतर शेजारच्या आंब्याची एक फांदी नेमकी तिथं यायची. एवढ्याशा सावलीनं काय होतंय, असं सगळ्यांना वाटलं. संस्थेच्या इंजिनीअर पोरानं दाखवलं. पॅनल एकमेकांना माळेसारखे जोडलेले असतात, एकाच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी अख्ख्या माळेची वीज पडते. त्यानं एका पॅनलवर नुसता पंचा टाकला आणि मीटरचा आकडा दाखवला, तेव्हा पटलं. आंबा एका म्हातारीचा. तिनं सासऱ्यांच्या हातचं झाड म्हणून ठाम सांगितलं, "माझ्या आंब्याला कोयता लावायचा न्हाय." आठवडाभर कुणी काही बोललं नाही. मग ती एका दुपारी स्वतःच जागेवर आली, सावली कुठवर येते ते काठीनं मातीत आखलं, आणि म्हणाली दोन फांद्या घ्या, तिसरीला हात लावलात तर बघा. दोनच घेतल्या. तिसरीची सावली आजही जानेवारीत चारनंतर येते. येऊ दे.

जानेवारी ते मार्च खड्डे, खांब, तारा. मुरूम लागला तिथं एका खड्ड्याला चार माणसं आणि अख्खा दिवस. बॅटऱ्या दोन व्होल्टच्या चोवीस, एकेक चाळीसेक किलोची. रस्ता ओढ्यापर्यंतच, पुढं डोलीनं आणल्या, आजाऱ्याला नेतो तशा. १४ मार्च २०१९ ला दिवे लागले. चारच दिवस आधी लोकसभेची आचारसंहिता लागली होती, त्यामुळे पुढारी कुणी आला नाही. त्याच म्हातारीच्या हातून खटका दाबून घेतला. तिनं दाबला आणि लगेच बंद केला. म्हणाली, दिसलं, आता वाया कशाला.

खरं काम त्यानंतर सुरू झालं.

हिशेब असा. स्वच्छ उन्हात एका किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट, म्हणजे सहाचे चोवीस. बॅटरीत भरताना-काढताना जातं ते जाऊन हातात अठराच्या आसपास. ही शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं, म्हणून रात्रीसाठी चौदाएक युनिटच्या पुढं जायचं नाही. घरटी तीन एलईडी, मोबाइल, काही घरांत टीव्ही, रस्त्याचे दिवे, शाळा, असं मिळून रात्रीचे नऊ-दहा. उरलेलं दिवसा, पाण्याच्या मोटारीला आणि गिरणीला. प्रत्येक घराला एक अँपिअरचा खटका, म्हणजे एका वेळी २३० वॅटच्या वर कुणाला काही लावता येत नाही. पाटलाच्या घरालाही तोच आणि विधवेच्या घरालाही तोच. दर महिना ६० रुपये स्थिर आणि युनिटला १०. महावितरणच्या मानानं महाग आहे, मला माहीत आहे. पण रॉकेल आणि गावात जाऊन मोबाइल चार्ज करायचे पैसे आम्ही आधी वहीत मांडून बघितले होते. बहुतेक घरांचं बिल १३०-१४० च्या आत बसलं.

दिव्यांवरून कधी भांडण झालं नाही. झालं ते गिरणीवरून.

गिरणीची मोटार दोन एचपीची. चालताना दीड किलोवॅट खाते, पण सुरू होताना पाच-सहा पट ओढते. पहिल्या दिवशी चालू करताच इन्व्हर्टर बसला आणि शाळेतला पंखाही बसला. महिनाभर आम्ही पट्टा काढून, मोटार रिकामी फिरवून, मग पट्टा चढवायचो. बोटं जायची वेळ. एप्रिलअखेर संस्थेनं ‘ड्राइव्ह’ बसवला. तो मोटारीला हळूहळू वेग देतो. ११ हजार लागले. कुणी गिरणी घेणार असेल तर ड्राइव्हचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

पाळ्यांचा पहिला तक्ता मी केला होता, आणि मला तो फार न्याय्य वाटला होता. सात वार, रोज चार घरं, प्रत्येकाला अर्धा तास, अकरा ते एक. फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिला. पंधरा दिवसांत त्याचे तीनतेरा वाजले. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घराला अर्धा तास आणि अकरा खाणाऱ्यांच्या घरालाही अर्धा तास. ज्यांच्या वारी आभाळ आलं त्यांना पुढच्या आठवड्यापर्यंत पीठ नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी बाई असून माझ्या डोक्यात आली नाही: अकरा ते एक बाया घरी असतातच कुठं? जूनपासून त्या वेळी सगळ्या भाताच्या खाचरात. ऊन डोक्यावर येतं तेव्हाच आम्हीही शेतात असतो. एक जाऊबाई माझ्या तोंडावर म्हणाली, "तुझा तक्ता सूर्याला इचारून केलाय, आमाला नाही."

मग बचतगटाच्या बैठकीत तक्ता पुसला. आता दळण आदल्या संध्याकाळी गिरणीच्या खोलीत आणून ठेवायचं, पिशवीवर खडूनं घराचा नंबर. गटातली एक बाई ऊन बघून गिरणी लावते आणि सगळ्यांचं दळते, किलोला चार रुपये. त्यातला एक रुपया तिचा, तीन प्रकल्पाचे. दळणारीची पाळी महिन्यानं बदलते. वार घरावर नाही, आळीवर. आभाळामुळे ज्या आळीचा वार बुडाला, तिचं दळण पहिल्या उन्हाला सगळ्यांच्या आधी. आणि एका घराचं एका वारी वीस किलोच्या वर नाही. एवढे तीन-चार नियम सहा वर्षं टिकलेत. पाण्याची मोटार नऊ ते अकरा. ती थांबल्याशिवाय गिरणी लावायची नाही.

पहिला मोठा दंड आमच्याच घराला झाला. मे २०१९, धाकट्या दिराचं लग्न. हळदीच्या रात्री डीजेवाल्यानं शाळेच्या बोर्डातून वायर ओढली. त्याला कुणी परवानगी दिली म्हणता, तर आमच्याच मामंजींनी. सव्वानऊला अख्खी वाडी अंधारात, नवरदेव अर्ध्या हळदीत. इन्व्हर्टर परत चढवायला प्रकल्प चालवणाऱ्या ऑपरेटर पोराला पाऊण तास लागला, कारण तोही हळदीत नाचत होता. दुसऱ्या दिवशी समिती बसली, ५०० रुपये दंड. पावती मीच फाडली, आमच्याच घराच्या नावानं. मामंजी चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. लग्नकार्याला डीजे असेल तर जनरेटर ज्याचा त्यानं आणायचा, हा नियम तेव्हापासून.

मग पाऊस. २०१९ चा पाऊस उशिरा आला, आणि आला तो थांबेचना. जुलैअखेर सलग नऊ दिवस सूर्य दिसला नाही. सहा किलोवॅटचे पॅनल दिवसाला पाच-सहा युनिट देत होते. कागदावर हे सगळं माहीत होतं. पण आकड्यांनी ‘कमी’ म्हणणं वेगळं आणि संध्याकाळी सातला ऑपरेटर पोरानं येऊन "काकू, सत्तेचाळीस दाखवतंय" म्हणणं वेगळं. आमची बॅटरी ४८ व्होल्टची. त्या रात्री ठरवलेला नियम रंगीत खडूनं अजून खोलीच्या दारावर आहे. संध्याकाळी आकडा ५० च्या वर असेल तर हिरवा, सगळं चालू. ४८ ते ५० पिवळा, टीव्ही बंद, घरात एकच दिवा. ४८ च्या खाली लाल, फक्त सात ते नऊ, मग रस्त्याचे दोन दिवे सोडून लाइन बंद. शाळेच्या खांबावर त्या-त्या रंगाचं फडकं लावायचं, म्हणजे घरोघर सांगत फिरायला नको. आजारी माणूस किंवा बाळंतीण असलेल्या घराला लाल दिवशीही दिवा. त्यासाठी त्या घरापुरती एक छोटी चार्जिंगची बॅटरी आम्ही नंतर घेतली.

त्या नऊ दिवसांत चौथ्या दिवशी आकडा पडायला नको होता तेवढा पडला. कुणीतरी जास्त ओढत होतं. ऑपरेटरनं एकेका आळीची लाइन बंद करून बघितली, मग एकेक घर. एका घरात एक अँपिअरचा खटका काढून बाजारातून आणलेला सहाचा बसवलेला, आणि बादलीत पाणी तापवायचा रॉड. घरात तान्हं मूल, पाऊस, चुलीला ओली लाकडं. दंड करायला कुणाचंच मन होईना. खटका बदलला, आणि शेजारच्या तीन घरांनी आठवडाभर पाणी तापवून दिलं. नियमाच्या वहीत या प्रसंगाची नोंद नाही. मीच केली नाही.

२०२० च्या टाळेबंदीत वेगळीच अडचण. या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, आणि ते मिळायचं तालुक्याला. एप्रिलमध्ये आठ सेलचं, म्हणजे चोवीसपैकी आठ बॅटऱ्यांचं, पाणी खुणेच्या खाली गेलं. कुणीतरी म्हणालं, ओढ्याचं पाणी गाळून घालू. नशिबानं घातलं नाही. विहिरीचं, नळाचं, कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यातले क्षार प्लेटा खातात. दूधवाल्याच्या गाडीतून पाच लिटरचे चार कॅन आले, तोवर रोज वापर निम्म्यावर ठेवला. तेव्हापासून दोन कॅन कायम शिल्लक असतात, आणि दर पंधरवड्याला हायड्रोमीटरनं (बॅटरीतल्या पाण्याची घनता मोजायची नळी) प्रत्येक सेलचा आकडा घेऊन भिंतीवरच्या तक्त्यात लिहितो. बॅटरी काय म्हणतेय ते त्या तक्त्यात सहा महिने आधी दिसतं.

दिसलंच. २०२४ च्या दिवाळीनंतर पाच सेलचे आकडे बाकीच्यांच्या मागं राहू लागले. ऊन असूनही रात्री दहाला पिवळं फडकं. नव्या संचाचे दर तीन ठिकाणांहून मागवले. सगळ्यात परवडणारा जीएसटी धरून २ लाख ६० हजार. जुन्या बॅटऱ्यांच्या शिशाला भाव असतो, त्याचे ६२ हजार वजा झाले, राहिले १ लाख ९८ हजार. खात्यात १ लाख ८२ हजार होते. सहा वर्षं महिन्याला अडीच-तीन हजार बाजूला टाकत आलो होतो, त्यातले. हे पैसे ‘सध्या पडून आहेत’ म्हणून सभामंडपाला वापरावेत, असा आग्रह दोनदा झाला होता. दोन्ही वेळा बायांनी हाणून पाडला. उरलेल्या १६ हजारांसाठी घरटी ६०० काढले, ते आठवड्यात जमले. भंगारवाल्याला परस्पर देऊ नका. नवी बॅटरी देणाऱ्याकडूनच जुनी बदलून घ्या आणि दोन्हीचं बिल लेखी घ्या.

नव्या सेलना पहिली भरणी पूर्ण व्हायला तीन दिवस लागले. त्या तीन रात्री लाइन बंद होती. घराघरांत चिमणी शोधली, एकाच घरात सापडली, तीही वातीशिवाय.

आता ओढ्यापलीकडे महावितरणचे खांब येऊन पडलेत. लाइन आली तर आपला प्रकल्प ठेवायचा का, गिरणी कशावर चालवायची, यावर येत्या ग्रामसभेत वाद होणार आहे. माझं मत मी तिथंच मांडीन. कागदांचे नमुने हवे असतील तर ठराव, घटना आणि पाळीचा तक्ता माझ्याकडे आहे. फोन संध्याकाळी सहानंतर करा, तेव्हा मी दगडावर असते. दिवसा करू नका, या महिन्यात दळायची पाळी माझी आहे.